पत्र्याचा कूलर

खामगावच्या बाजारात कुठल्याही दुकानाची पायरी चढा, शेठ आधी एकच गोष्ट विचारतो : घरचं पाहिजे की देण्याचं? नवख्या माणसाला यात काही कळणार नाही, पण आमच्या भागातल्या बाईला हा प्रश्न परकर नेसायच्या वयापासून माहीत असतो. घरचं म्हणजे स्वतः वापरायचं. पातेलं असेल तर जाड बुडाचं, साडी असेल तर धुण्याला टिकणारी. देण्याचं म्हणजे लग्नात, बारशात, वास्तूला दुसऱ्याच्या हातात ठेवायचं. पातेलं बोटानं दाबलं तर खळगा पडेल, आणि साडी तर नेसायची नसतेच, पुढच्या लग्नात पुढे सरकवायची असते. देणारे, घेणारे, सगळे ते जाणून असतात आणि कुणी कुणाला बोलत नाही.

पिंपळगाव राजा या गावच्या रुखमाबाई जन्मभर या रीतीनं वागल्या आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. फक्त एकदा, लेकीच्या म्हणजे प्रेरणाच्या आंदणाच्या वेळी, त्यांनी शेठला ठणकावून सांगितलं होतं, "शेठ, पोरीले द्याचं असलं तरी मले घरचंच दाखवा."

शेठनं पांढराशुभ्र प्लास्टिकचा कूलर पुढे ओढला. रिमोटवर चालणारा. रुखमाबाईंनी त्याच्या अंगावर टिचकी मारली, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"याच्यापरीस जड नाई का?"

"काकू, आता जड कोण बनवते? हाच घरचा न् हाच देण्याचा."

मनाला पटलं नव्हतं, पण लग्न तोंडावर आलं होतं. कूलर वरवट बकालला लेकीच्या सासरी गेला. एक उन्हाळा त्यानं बरा काढला, दुसऱ्यात मोटर जळाली. जावई हर्षलनं चौकशी केली तर कंपनीनं ते मॉडेलच बंद केलेलं, मोटर मिळायचा प्रश्नच नाही. वॉरंटी नुकतीच संपली होती. पावसाळा आणि हिवाळा कूलर गोधडीखाली झाकून पडला होता, वॉरंटी मात्र तेव्हाही चालूच होती.

बरं, कंपनी राहिली बाजूला. बोलणी कुणी खाल्ली? प्रेरणानं. विहीणबाई त्या बंद कूलरवर ओली फडकी वाळत घालायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "सुनेच्या मायबापानं देला होता. देण्याचाच होता, काय करता."

बाळंतपणाला माहेरी आल्यावर प्रेरणानं हे सांगितलं आणि रुखमाबाईंच्या जिव्हारी लागलं. उभ्या जन्मात पन्नास लोकांना फुसकं दिलं तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही, आणि जिथं जीव तोडून चांगलं मागितलं तिथंच नाव गेलं.

हिवाळ्यात प्रेरणाला मुलगी झाली. चैत्रात मायलेकींना बाळंतविडा देऊन सासरी पाठवायचं ठरलं. सासरची त्यांची खोली टिनाची. उन्हाळ्यात तिथं मोठं माणूस शिजून निघतं, तर तान्ह्या लेकराचं काय होणार, हा विचार रुखमाबाईंच्या डोक्यातून जाईना.

त्यांच्या स्वतःच्या घरात एक पत्र्याचा कूलर होता. थोरला गोपाल जन्मला त्या साली नवऱ्यानं, कडूबांनी, एका वेल्डरकडून करून घेतलेला. सुरू केला की दारात ट्रॅक्टर उभा राहिल्यासारखा आवाज. पण दर उन्हाळ्यात बाजूंना गवताच्या नव्या ताट्या भरायच्या, पंख्यात दोन थेंब तेल सोडायचं, बस्स. मोटर एकदा जळाली तेव्हा गावातच तार गुंडाळून दुरुस्त झाली होती. मागच्या दाराची कडी गळून पडली तेव्हा रुखमाबाईंनी आपल्या लग्नातल्या लोखंडी पेटीची पितळी कडी काढून तिथं ठोकून घेतली होती. गोपाल आणि प्रेरणा, दोघंही याच कूलरच्या वाऱ्यात वाढली.

"हाच देऊ तिले," रुखमाबाई म्हणाल्या.

कडूबांनी वर पाहिलं. "जुना? बाळंतविड्यात? काय म्हणतीन लोकं?"

"नवा देऊन पाह्यला ना. काय म्हटलं लोकाईनं?"

"अन् आपण वं?"

"आपलं काय. निंबाखाली बाज टाकू."

हिरवा ऑइलपेंट आणून कडूबांनी स्वतः कूलर रंगवला. वरवट बकालला टेम्पोतून उतरवला तेव्हा विहीणबाईंनी त्याला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं आणि "ठेवा तिकडं" एवढंच म्हटलं. रुखमाबाईंनी तिकडे कानाडोळा केला. कूलर सुरू झाला, थोड्या वेळात खोली गार पडली आणि नात हातपाय पसरून झोपली. ते डोळ्यांत साठवून त्या घरी परतल्या.

मग वैशाखानं आपला हिसका दाखवला. निंबाखाली सावली होती, पण वारा भट्टीतून आल्यासारखा. कडूबा दुपारभर ओला पंचा डोक्यावर घेऊन पडायचे. एक दिवस त्यांना भोवळ आली तरी रुखमाबाईंना आपल्या निर्णयाचं वाईट वाटलं नाही. फोनवर प्रेरणाला विचारायच्या, "कूलर चालते ना?" आणि प्रेरणा म्हणायची, "हाव आई, चालते."

कुरडया-पापड घेऊन त्या न कळवता वरवट बकालला गेल्या. खोलीत पाऊल टाकलं तर कोपऱ्यात पांढरा प्लास्टिकचा कूलर. चालू होता, पण वाऱ्यात गारवा नाही, नुसता दमट उबारा. नातीच्या पाठीवर लालभडक घामोळं उठलं होतं आणि प्रेरणा कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तिला वारा घालत होती.

"आपला कूलर कुठं गेला?"

प्रेरणानं मान खाली घातली. "खामगावले देला, त्याच शेठकडे. जुना द्या, नवा घ्या अशी स्कीम होती."

"सासूनं द्याले लावला?"

"नाई. मीच म्हटलं हर्षलले."

कुरडयांची पिशवी खाली टेकवून रुखमाबाई नातीजवळ बसल्या. "काऊन वं?"

"गल्लीतल्या बाया पाह्याले यायच्या, आई. आवाज ऐकून हासायच्या. पह्यला टिकला नाई, अन् आता मायनं भंगार देऊन वाटं लावलं म्हणायच्या. नवा आणला तं त्याचं खोकं मी दारात ठेवलं, मंग कुठं त्याईचे तोंडं बंद झाले."

"अन् लेकराची पाठ?"

प्रेरणा पुठ्ठा हलवत राहिली.

रुखमाबाईंना वाटलं, हिच्या थोबाडीत द्यावी. आणि त्याच घटकेला वाटलं, हिला कुशीत घेऊन घरी न्यावं. दोन्ही झालं नाही. नातीच्या पाठीला पावडर लावून त्या उठल्या. "मी आणतो तो परत. हासणाऱ्याईले हासू दे," म्हणाल्या आणि भर दुपारी खामगावच्या एसटीत बसल्या.

दुकानात पांढरे कूलर ओळीनं मांडलेले होते, एकही चालू नव्हता. तरी पायरी चढताच अंगाला गारवा लागला. काउंटरच्या मागून ट्रॅक्टरसारखी घरघर येत होती. शेठ सदऱ्याची बटणं उघडी टाकून खुर्चीत रेलला होता. रुखमाबाई वळसा घालून मागं गेल्या. हिरवा रंग, आणि मागच्या दाराला त्यांच्या पेटीची पितळी कडी.

"शेठ, हा कूलर मले वापस पाह्यजे."

"या काकू, बसा. लय नवीन माल आला, दाखवतो ना."

"नवा नाई पाह्यजे. हा पाह्यजे. नवा घेऊन जा माघारी."

शेठ अवघडल्यासारखा हसला. काउंटरवरचा कागद उडायला लागला होता, त्यावर त्यानं हात ठेवला.

"तो विकाचा नाई काकू. तो घरचा आहे."

रुखमाबाईंच्या तोंडी पुष्कळ आलं होतं. दोन वर्षांपूर्वी घरचं मागितलं तेव्हा याच माणसानं काय सांगितलं होतं, ते शब्दन् शब्द आठवत होतं. पण कूलर देऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या अंगाला गार वारा लागत होता, आणि पाय तिथून निघत नव्हते.