पंगत उठली नाही

"जात्याला सांगते, जातं कुणाला सांगेना,
पदराआडचं दुखणं, बाई, ओठाशी येईना."

हा आवाज आईचा. अंबडकडच्या त्या गावात आता ना आई, ना जातं. पण घाटकोपरच्या टेकडीवर, पत्र्याच्या न्हाणीत, शेवंतीचा हात डाव्या काखेखालच्या गाठीला लागला की तो आवाज पाण्यासारखा अंगावरून ओघळायचा. आईलाही तिथंच गाठ होती. गावाला ती कळली, तिला शेवटचं न्हाऊ घालताना.

शेवंतीनं नवऱ्याला, खंडूलासुद्धा सांगितलं नव्हतं. बोललं नाही तर नसतंच ते, असं तिनं मनाला शिकवून ठेवलं होतं.

टेकडीखालच्या दवाखान्यानं बायकांच्या स्तनांच्या तपासणीचे फलक दोनदा लावले, मोबाइलवर निरोप फिरवले. खाली उतरल्या त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. मग समोरच्या दारातली शकु, जी त्या दवाखान्याची आरोग्यसेविका, ती नळावर बसून करवादली की फलक वाचून लग्नाला कुणी जातं का कधी? आवतण द्यावं लागतं. तपासणी वर आणू, आपल्या बुद्धविहारात, आणि घरोघर आवतण देऊ. देणार कोण, हे विचारायची गरजच नव्हती. वस्तीत हळद असो की बारसं, आवतण शेवंतीच्या गळ्यातून जायचं. तिनं उंबऱ्यावर उभं राहून सूर लावला की नाही म्हणणाऱ्याची जीभ अडखळायची.

शेवंतीलाही नाही म्हणता आलं नाही. पवईच्या घरांतलं पोळ्यांचं काम आटोपून ती संध्याकाळी दारोदार फिरली, स्वतःच जुळवलेली ओवी गात:

"या गं या सयांनो, रविवारी विहारी,
आपल्या जिवाची, बाई, आपणच कैवारी."

गाताना तिचा डावा हात पदराखाली घट्ट मिटलेला असायचा.

रविवारी ती विहाराच्या पायरीवर उभी राहिली आणि बघतच राहिली. वरच्या गल्लीतून बायका उतरत होत्या, खालच्या गल्लीतून चढत होत्या. कुणी ओल्या केसांनी, कुणी ठेवणीतलं लुगडं नेसून, जशा काही खरंच कुणाच्या लग्नाला. ज्यांचं नळावर एकमेकींशी वाकडं, त्यांनी आपापल्या जुन्या साड्या जोडून आतला पडदा शिवला होता. पुरुषांनी पोरं खांद्यावर घेतली होती. खंडू चहा ढवळत होता, आणि चहा पाणचट झाला म्हणून सगळ्या गल्लीचे टोमणे हसत झेलत होता. गुडघ्यांपायी कित्येक वर्षं घराबाहेर न पडलेल्या मालवणच्या वनमालाकाकूंना सुनांनी खुर्चीसकट उचलून आणलं.

"गो हळू," काकू ओरडल्या, "माका काय विसर्जनाक नेतास?"

पायऱ्या हसल्या. आत दवाखान्याच्या डॉक्टर गार्गी एकेकीला तपासत होत्या. दोघींना मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं, तर त्या पडद्याबाहेर यायच्या आत त्यांच्यासोबत कोण जाणार, पोरं कोण सांभाळणार, हे बाहेर ठरूनही गेलं होतं. दुखणं हे एकटीनं वाहायचं ओझं, एवढंच शेवंतीला ठाऊक होतं. आणि इथं ते डोक्यावरच्या हंड्यासारखं, हातोहात उतरवून घेतलं जात होतं.

"शेवंते, तू कधी जाणार आत?" शकुनं मधेच पडद्याआडून डोकावून विचारलं.

आवतण देणारी पंगतीला शेवटी बसते, ही रीतच आहे, असं शेवंतीनं हसून सांगितलं. रीत खरी होती, म्हणून तिच्याआड लपणंही सोपं होतं. शेवटची बाई बाहेर आली, तशी तिनं पिशवी उचलली. पवईला दुपारचं काम आहे, पुढल्या वेळी बघू, असं पुटपुटत ती पायरी उतरायला लागली.

उतरायला वाटच नव्हती. पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून बायका बसल्या होत्या. तपासून झालेल्या, चहा पिऊन झालेल्या, तरी एकही घरी गेली नव्हती.

"अशी कशी जातंस?" खुर्चीतून वनमालाकाकू म्हणाल्या. "आवतण देणारी जेवल्याशिवाय पंगत उठता काय?"

कुणाला काही माहीत नव्हतं. त्या नुसत्या बसून राहिल्या. उन्हं चढली, पोरं कुरकुरली, तरी एक पदर हलला नाही. शेवंतीनं वर पाहिलं, खाली पाहिलं. अख्खी टेकडी तिच्यासाठी खोळंबली होती. एवढं मोठं काही तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. समुद्रसुद्धा तिला याहून लहान वाटला असता.

कानात आईनं ओवी उचलली. जात्याला सांगते... शेवंतीनं ती पुढे जाऊ दिली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या शकुचा हात धरला आणि पदराखाली नेला.

"शके, इथं गाठ आहे," ती म्हणाली, मागच्या पायरीलाही ऐकू जाईल अशा आवतणाच्या आवाजात. "माझ्या आईलाही होती."