शनिवारची सहाची वेळ

हेल्का चीनला जाणार ही बातमी फिनलंडमधल्या अख्ख्या कायानी गावात फिरून झाली होती. बालवाडीतल्या बायकांना कळली होती, दातांच्या डॉक्टरला कळली होती, बाजारातल्या मासळीवाल्यालासुद्धा कळली होती. राहिली होती फक्त तिची आई.

चेंगदूच्या एका बालवाडीने तिला दोन वर्षांसाठी शिकवायला बोलावलं होतं. राहायला घर देणार होते, तिकीट देणार होते, आणि हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवा म्हणत होते. हेल्का त्रेपन्न वर्षांची, एकटी. तीस वर्षं त्याच बालवाडीत, त्याच खुंट्यांवर पोरांचे ओले हातमोजे वाळत घालत आलेली. तिला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. पण एक्क्याऐंशी वर्षांच्या आईला सांगायचं म्हटलं की हेल्का दुसराच विषय काढायची.

शेवटी तिने सॉना गाठला, म्हणजे उघड्या अंगाने बसून वाफ घ्यायची गरम खोली. सॉनात भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, हे तिथल्या माणसांच्या लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. शिवाय चिडून तरातरा निघून जायचं म्हटलं तरी आधी टॉवेल शोधावा लागतो.

इमारतीच्या तळघरातला सॉना दर घराला आठवड्यातून एक तास मिळायचा. त्यात शनिवारची सहाची वेळ म्हणजे सगळ्यांचा डोळा असलेली. कुणी मेलं किंवा घर विकून गेलं तरच ती मोकळी व्हायची. हेल्काच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सिल्वीचा, म्हणजे हेल्काच्या आईचा, नंबर अकरा वर्षांनी लागला होता. दुसऱ्या मजल्यावरचे पेक्कारिनेन नऊ वर्षं ताटकळत होते, आणि जिन्यात भेटले की सिल्वीच्या तब्येतीची जरा जास्तच आपुलकीने चौकशी करायचे. डॉक्टरांनी तिला एकटीने सॉनात बसायची मनाई केली होती, म्हणून दर शनिवारी हेल्का बरोबर असायची.

"आई, मला चीनमध्ये शिकवायला बोलावलंय. दोन वर्षं," हेल्का एका दमात बोलून गेली.

सिल्वीने तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. मग आणखी एक. हेल्काचे कान भाजून निघाले.

"मासळीवाला म्हणाला मला," सिल्वी म्हणाली. "आणि माझी पाठ कोण घासणार?"

बस, एवढंच. हेल्काने तिची पाठ घासली. किती लहान झाली होती ती पाठ. रविवारी बसून तिने फोनवर नकाराचं पत्र लिहिलं. सोमवारी कामावरून आल्यावर पाठवायचं ठरवलं. पत्र चांगलं जमलं होतं, आणि ते वाचताना तिला स्वतःचाच राग येत होता.

सोमवारी सकाळी ती कामावर निघाली, तर जिन्यात पेक्कारिनेन सॉनाच्या यादीसमोर टोपी हातात धरून उभे होते. शनिवार, सहा वाजता: पेक्कारिनेन. व्यवस्थापकाने नुकतीच नवी यादी लावली होती.

"मी काही बोललो नव्हतो हां," ते घाईघाईने म्हणाले. "तुमच्या आईंनीच आपणहून वेळ सोडली."

हेल्का दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. सिल्वी कॉफी करत होती.

"आई, काय केलंस तू हे? अगं, अकरा वर्षं."

"मला नको सांगूस. रांगेत मीच होते."

"पण मी जाणारच नाहीये. नकार लिहून ठेवलाय."

"तेच वाटलं मला. शनिवारी पाठ घासलीस ना, तेव्हाच कळलं." सिल्वीने कप खाली ठेवला. "चौऱ्याण्णव साली तू स्टॉकहोमला गेलीस. चार महिन्यांत परत. तुला वाटतं, करमलं नाही म्हणून आलीस. अगं, दर रविवारी फोनवर मी सांगायचे, तुझी खोली तशीच ठेवलीय, चादर घातलीय. मीच ओढून आणलं तुला. आणि तेव्हा मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू."

"आणि आता सॉनाचं काय?"

"बुधवारी इमारतीतल्या सगळ्या बायकांचा एकत्र सॉना असतो, तिथे बसेन. ती ह्युवोनेन तासभर पित्ताशयाचं ऑपरेशन सांगते. तिलाच पाठ घासायला लावीन, तेवढा वेळ तरी गप्प बसेल."

"आणि मी दोन वर्षांनी परत आले तर?"

"तर रांगेत शेवटी उभी राहा, सगळ्यांसारखी."

हेल्काला राग आला होता. मग त्या रागाखालून अशी माया दाटून आली की तिला खुर्ची ओढून बसावंच लागलं. डोळ्यांपुढचं धूसर झालं.

"अजून नाही," सिल्वी म्हणाली. "आधी फोन काढ."

हेल्काने फोन काढला, नकाराचं पत्र पुसून टाकलं आणि चेंगदूला दोन ओळी लिहिल्या. सिल्वी चष्मा लावून तिच्या खांद्यामागे उभी राहिली.

"पाठवलंस?"

"पाठवलं."

"नक्की गेलं?"

"गेलं, आई."

"मग आता रड," सिल्वी म्हणाली, आणि शेजारची खुर्ची ओढून स्वतःही बसली.