ताईचा स्फटिक

"कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणूनच सांगतो. माझ्या एका वाक्याने भरल्या सभागृहात साहेबाची कवळी गळून पडली होती."

ताईची सून हसली. "मामा, सुरुवातीपासून सांगा." पेपरात आज साहेबाच्या सत्काराचा फोटो होता. तोच पसरून ताई त्यावर मटार सोलत होती.

साहेबाच्या प्रयोगशाळेत मी पंप दुरुस्त करायचो, ताई स्फटिक बनवायची आणि साहेब नाक शिंकरायचा. आधी रुमालात, मग रुमाल उलटा करून. त्याच बोटांनी ताईच्या कुप्या उचलून उजेडात धरायचा. काचेवर ओलसर ठसा राहायचा, तो गेल्यावर ताई पुसायची.

"त्या स्फटिकात एवढं होतं काय?"

"रेणूएवढाली चुंबकं. द्रव हेलियमच्या थंडीत त्यांना ठेका धरायला लावायचा. पण शेजारच्या हायड्रोजनची सारखी कुजबुज. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या लाखाव्या हिश्शात ठेका चुकलाच म्हणून समज. तुझ्या सासूने तो हायड्रोजन काढला आणि त्या जागी जड हायड्रोजन बसवला. तो हळू कुजबुजतो. ठेका दसपट टिकला. आलेख पाहून ही बया स्टुलावर बसून राहिली, चहावर साय धरली तरी."

ताईने एक किडकी शेंग फोटोवरच टाकली.

"मग?"

"मग पाहुणे आले. साहेब व्यासपीठावर चढला आणि म्हणाला, ही कल्पना मला आंघोळ करताना सुचली. आंघोळ करताना. ज्याच्या कॉलरवरचा मळ चाकूने खरवडावा लागला असता, त्याला. ताईचं नाव आभारातसुद्धा नाही. ती मागे भिंतीला टेकून उभी. तडक वर चढलो आणि म्हटलं, 'साहेब, या स्फटिकाला तुमचा हात लागला तो फक्त नाक शिंकरून झाल्यावर. हा माझ्या ताईने केलाय.' साहेबाने बोलायला तोंड उघडलं, तर कवळी थेट पाण्याच्या पेल्यात. टाळीला एक हात उठला नाही."

"उठले की," ताई म्हणाली. शेंग तिच्या हातात तशीच होती. "तू माझ्या शेजारीच उभा होतास. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या, तरी तुझ्या चालूच होत्या."