पिवळ्यातून निळ्यात जाण्याचा अर्ज

"लेखी द्या" हे माझं पालुपद आहे. गेली बावीस वर्षं मी नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर बसतो. लोक तिथं नोंदी बदलायला येतात: नाव, पत्ता, जन्मतारीख, काय वाटेल ते. समोरचा आपली कर्मकहाणी सांगायला लागला की मी हात वर करतो आणि म्हणतो, लेखी द्या. निम्मे तिथंच गळतात. त्यामुळे आमच्या थोरल्या चिरंजीवांनी एका सकाळी पावाला लोणी लावता लावता जाहीर केलं, की आजपासून आपण पिवळ्यांचे नाही, निळ्यांचे, तेव्हा माझ्या तोंडून सवयीनं तेच निघालं. नुसता आवाज चढवला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं.

संध्याकाळी अर्ज आला. विषय: पिवळ्या फुटबॉल संघाचा पाठिंबा सोडून निळ्या संघास पाठिंबा देण्याची परवानगी मिळणेबाबत. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, "हरतात". खाली साक्षीदार म्हणून आईची सही. दूध उतू चाललं होतं, त्या गडबडीत आपण न वाचता सही केली, असं बायकोचं म्हणणं. मला ते आजही पटलेलं नाही.

मी तो कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला. एक त्रुटी सापडेना. पोरगं तेरा वर्षांचं, घरात इकडची काडी तिकडे करत नाही म्हणून आम्ही त्याला साहेब म्हणतो, पण अर्ज असा की माझ्या वरिष्ठांनी गिरवावा. माझ्याकडे ऑफिसातून बाद झालेला एक लाकडी शिक्का आहे, "मंजूर" उमटवणारा. शाळेच्या सहलीपासून केस कापण्यापर्यंत आमच्या घरात सगळ्याला तो लागतो. शिक्का नाही तोवर बदल नाही, हे मी मुलांना बोबडं बोलत होती तेव्हापासून शिकवलेलं. तो मी उमटवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार.

आता पिवळे म्हणजे काय हे सांगायला हवं. पिवळे म्हणजे नदीच्या अलीकडचा आमचा क्लब. मैदानाला एका बाजूला पत्र्याचं छप्पर, बाकी तिन्ही बाजूंना लाकडी बाकं, आणि कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ तिसऱ्या रांगेतलं बाक आमचं. मी सहा वर्षांचा असताना माझे वडील मला तिथं घेऊन गेले. वडील आठवड्याला चाळीसेक शब्द बोलायचे, त्यातले तीस पंचांसाठी राखीव. पण गोल झाला की ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. पिवळ्यांचे गोल फार होत नसत, म्हणून तो हात मला इतका नीट आठवतो. बाप होणं म्हणजे काय, याची माझी सगळी कल्पना त्या बाकावरची आहे. खरं सांगायचं तर मला दुसरी येतच नाही.

तर थोरला गेला. मी मनाची समजूत घातली की धाकटी आहे. धाकटीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती गुपचूप, कुणाला न सांगता, आपल्यापेक्षा मोठी वस्तू कुठून तरी ओढून आणते. वय वर्षं नऊ. या हंगामापासून ती माझ्याबरोबर मैदानावर यायला लागली होती. दर रविवारी बाकावर मला चिकटून बसायची. पिवळ्यांचं यंदा काही खरं नव्हतं. शेवटचा सामना निळ्यांशी, आणि तो जिंकला नाही तर क्लब खालच्या गटात जाणार, अशी वेळ आली होती. मला त्याचंही एवढं वाटत नव्हतं. शेजारी मुंगी असली की हरणंसुद्धा दोघांत वाटून घेता येतं.

शेवटच्या सामन्याला आठ दिवस उरले आणि मुंगीचा अर्ज आला. विषय तोच. समास आखलेला, तारीख जागच्या जागी, साक्षीदार साहेब. फक्त कारणाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

मी कागद उलटून पाहिला, मागंही कारण नव्हतं. पण खिडकीवरच्या माणसानं चेहरा कोरा ठेवायचा असतो. मी त्रुटीचा शेरा मारून कागद परत केला. दुसऱ्या दिवशी सुधारित अर्ज आला, कारण "वैयक्तिक". मी तोही फेटाळला. तिसऱ्या दिवशी: "कारण सांगता येत नाही. तरी कृपया रविवारच्या आत मंजूर करावे, नंतर उपयोग नाही. आपली नम्र मुलगी." मी लिहिलं, विचाराधीन. हा शब्द मी आयुष्यात हजारो लोकांना दिला असेल. तो घेऊन माणूस कसा घरी जातो, ते मला त्या दिवशी कळलं, कारण ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी तोंड करून उभी राहिली.

मी चौकशी सुरू केली. पहिला संशय अर्थातच साहेबांवर. त्यानं शांतपणे सांगितलं, की आपण तिला एका अक्षरानं बोललो नाही, उलट तिला नीट पास देता येत नाही, ती आमच्यात नकोच आहे. दुसरा संशय कोपऱ्यावरच्या न्हाव्यावर. हा मनुष्य कट्टर निळा. खुर्च्या निळ्या, टॉवेल निळे, आणि माझी हजामत करताना वस्तरा गळ्याशी आला की मुद्दाम पिवळ्यांचा विषय काढतो. मी दुकानात शिरलो आणि लहान मुलं फोडण्याचा धंदा केव्हापासून सुरू केला, असं त्याला विचारलं. त्यानं हातातलं गिऱ्हाईक तसंच साबण लावलेलं ठेवलं आणि मला बाजूला घेतलं.

"अहो, मुंगी आली होती परवा. निळ्यांचं व्हायला काय काय लागतं, विचारत होती. मी म्हटलं काही नाही, मनापासून पाहिजे. तर म्हणते, मनापासून नसलं तर चालतं का? मी म्हटलं, नाही बुवा चालत. एवढंसं तोंड करून गेली बिचारी."

मी घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळवत आलो. मनापासून नसलं तर चालतं का. जिला जायचं नाही ती अर्ज कशाला करील? बावीस वर्षांत असं प्रकरण माझ्या खिडकीवर आलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी सुनावणी ठेवली. शिक्का मधोमध मांडला. बायको कणीक मळत मळत ऐकत होती, आणि तिची मुद्रा मला अनुकूल नव्हती. मी मुंगीला म्हटलं, कारण तोंडी सांगितलंस तरी चालेल. माझ्या कारकिर्दीत मी ही सवलत प्रथमच देत होतो.

मुंगीनं दप्तरातून वही काढली. वहीच्या शेवटच्या पानावर यंदाचे घरच्या मैदानावरचे सगळे सामने लिहिलेले. ती माझ्याबरोबर आली ते अकरा. अकरांपैकी जिंकलो शून्य. ती आली नाही ते दोन, तिला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हाचे. ते दोन्ही जिंकलो.

"तुम्हीच म्हणालात ना बाबा," ती म्हणाली. "मागं बसणाऱ्या काकांना. ही पांढऱ्या पायाची दिसते, ही यायला लागल्यापासून एक मॅच नाही जिंकलो. म्हणून मी निळी होते. मग ते हरतील. पण शिक्का नसला तर बदल खरा होत नाही."

मला ते बोलल्याचं आठवतही नव्हतं. हसत हसत बोललो असणार, हरल्यावर माणूस काहीतरी बोलतो. ती तेव्हा माझं बोट धरून उभी असणार. आणि ते ओझं पोरीनं चार महिने एकटीनं ओढत आणलं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की मी शिक्का उचलून उगाच दुसरीकडे ठेवला. बायकोनं कणीक मळायची थांबवली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, असलं काही नसतं. ती म्हणाली, मग मॅचच्या दिवशी तुम्ही तेच मोजे का घालता, आणि आईला ते धुवू का देत नाही? साहेबांनी बाकावर जागा बदलली होती तेव्हा तुम्ही त्याला का ओरडलात? मोज्यांचा विषय बायकोकडूनही अनेकदा पटलावर आलेला आहे.

मग मी पुराव्यानं बोलायचं ठरवलं. म्हटलं, वही आण इकडं. तुझ्या कांजिण्यांच्या त्या दोन रविवारी मी कुठं होतो?

"माझ्याजवळ. आपण पत्ते खेळत होतो."

"म्हणजे त्या सामन्यांना जशी तू नव्हतीस, तसा मीही नव्हतो. बरोबर?"

तिनं वहीत बघितलं आणि मान हलवली.

"आणि तू जन्मायच्या आधी पिवळे जिंकायचे असं वाटतं तुला? तीस वर्षं हरतच होते. विचार आईला."

"तेव्हा तुम्ही जायचात?"

"एकही सामना चुकवला नाही," मी अभिमानानं म्हटलं.

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याचा अर्थ मला आणि तिला एकदमच कळला. मुंगी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग माझ्याबद्दलची दया, आणि मग हळूहळू, चार महिन्यांत मी पाहिला नव्हता असा एक मोकळेपणा. ओट्याकडून खुसखुस ऐकू आली. बायको पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली होती.

"बाबा," मुंगी हळूच म्हणाली, "मग ते तुम्ही आहात."

मी पुष्कळ काही सांगू शकलो असतो. योगायोग, बचावफळीतला लंगडा खेळाडू, सतरा वर्षांत न बदललेला प्रशिक्षक. पण ऑफिसात मी एक गोष्ट शिकलो आहे, फाईल बंद करायची तर तिच्यावर कुणाचं तरी नाव लागतं. मुंगीचं काढायचं तर दुसऱ्या कुणाचं लावायला हवं होतं. मी म्हटलं, असं दिसतंय खरं.

"मग अर्ज तुम्ही करायला हवा," ती म्हणाली, आणि कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

चाळीस वर्षांचा पिवळा मी. विषय लिहिला, तारीख घातली, साक्षीदार म्हणून बायकोनं सही केली, आणि या वेळी तिनं अक्षर न् अक्षर वाचून केली. मुंगीनं शिक्का दोन्ही हातांनी दाबला. दाबताना तिनं बजावलं की नुसतं नावाला नको, मनापासून पाहिजे.

रविवारी मी निळ्यांच्या बाजूला बसलो. न्हाव्यानं माझ्या गळ्यात स्वतःच्या दुकानातला निळा टॉवेल घातला आणि आजूबाजूच्या दहा जणांना माझी ओळख करून दिली. साहेब मित्रांबरोबर चार रांगा पुढं बसले होते आणि बाप ओळखीचा नसल्यासारखं वागत होते. समोर, मैदानाच्या पलीकडं, आमच्या बाकावर बायको आणि मुंगी. मला हंगामभर वाटत आलं होतं की चेंडू पुढं गेला की मुंगी उत्साहानं तोंडावर हात घेते. ती डोळे झाकत होती, हे मला आता माहीत झालं होतं. त्या दिवशी ती बाकावर उभी होती आणि दोन्ही हात खाली होते.

सामना संपायला सहा मिनिटं असताना पिवळ्यांच्या त्या लंगड्या बचावपटूच्या पायाला लागून चेंडू आत गेला. कसा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एक-शून्य. पलीकडं मुंगी इतकी उंच उडाली की बायकोनं तिला फ्रॉकला धरून खाली घेतलं. माझ्या सभोवती स्मशानशांतता. ज्या गोलची मी जन्मभर वाट पाहिली तो मी हात मांड्यांखाली दाबून, तोंड मिटून, शत्रूच्या टॉवेलात पाहिला. न्हावी माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही आलात आणि आमचं वाटोळं झालं." मी म्हटलं, हो, माझा तसा लौकिक आहे.

क्लब वाचला. बाहेर फाटकाशी मी त्या दोघींची वाट बघत उभा राहिलो. मला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. आता दर रविवारी मला इकडंच बसावं लागणार आणि ती तिकडं बसणार, हे मला गोल झाल्याक्षणीच कळलं होतं.

मुंगी गर्दीतून धावत आली. आवाज बसला होता. तिनं आधी माझा टॉवेल नीट केला, मग म्हणाली, तुम्ही तिकडे एकटेच दिसत होतात. पुढच्या वर्षी मी तुमच्याशेजारी बसणार.

मी म्हटलं, तू पिवळी आहेस. पिवळ्यांनी तिकडं बसायचं.

"असू दे की," ती म्हणाली. "मी कुठंही बसले तरी काही होत नाही. हे आता ठरलंय ना?"

मी हो म्हटलं. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.