मोजल्याशिवाय

"एक, दोन, तीन!" म्हणत तिनं 'तीन'वर उचललं. नव्या बाईनं 'तीन' म्हणून झाल्यावर उचललं. तेवढ्या अर्ध्या क्षणात म्हाताऱ्या पोस्टमास्तरांचा सगळा भार तिच्या एकटीच्या कमरेवर आला.

तिनं त्यांना पडू दिलं नाही. चाकांच्या खुर्चीत नीट बसवलं, आणि मगच पलंगाचा कठडा घट्ट धरला.

"काय गं, पार्सल जड झालं वाटतं?"

"तिकिटं कमी लावलीत तुम्हाला," ती म्हणाली. कपाळावर घाम होता.

उचलायचं यंत्र बाहेर व्हरांड्यात होतं. बॅटरी गेल्यापासून त्यावर टॉवेल वाळत. पूर्वी तर तेही नव्हतं. पण तेव्हा कप्तान होती. या वृद्धाश्रमातली सगळ्यात बुटकी सेविका, म्हणून म्हाताऱ्यांनी ठेवलेलं नाव. सोळा वर्षं दोघींनी मिळून माणसं उचलली, आकडे कधी मोजले नाहीत. कप्तान नुसता श्वास आत घ्यायची, तिचा खांदा हलायचा, आणि माणूस वर. "मोजायला ते काय बटाटे आहेत?" ती म्हणायची. चहाच्या वेळी दोघी पाठीला पाठ टेकून बसायच्या, तेवढंच औषध. गुडघे गेल्यावर कप्तान लेकीकडे राहायला गेली.

दुपारपर्यंत तिची कंबर धरली. मेट्रननं अपघाताचा फॉर्म पुढे सरकवला. "नवीला उचलायला उशीर झाला, एवढंच लिही. तिला तसंही तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलंय, जाईल. कंबर आधीपासून दुखतेय असं लिहिलंस तर उचलणं बंद. चादरींच्या खोलीत बसशील. चालेल?"

चालणार नव्हतं. मेट्रनलाही ते ठाऊक होतं.

नवी दाराशीच उभी होती. "ताई, मला खरंच वाटलं, तीन झाल्यावर..."

"कधी उचलायचं, ते कोणी शिकवलं होतं तुला?"

"नाही."

"मग तुझं काय चुकलं?"

तिनं लिहिलं : कंबर चार वर्षांपासून दुखते. मी सांगितलं नव्हतं. जरा थांबून खाली आणखी एक ओळ घातली : यंत्र आठ महिने बंद आहे.

सोमवारी सकाळी चादरींच्या खोलीत ती एकटीच होती. भिंतीपलीकडे पोस्टमास्तर कुणाला तरी विचारत होते, "ती रजेवर आहे का?" उत्तर ऐकू आलं नाही. घडी घालायला तिनं चादरीची कड हनुवटीखाली धरली आणि दोन्ही हात लांबवले. टोकं जुळेनात. तिनं चादर झटकली, पुन्हा हनुवटीखाली धरली.