जिना चढणारी गल्ली

सर्वेवाल्या बाईने पायरीला टेप लावली ती सैल, हे टेलरकाकूंच्या नजरेतून सुटलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवले होते. कोणी टेप घेऊन दारात उभं राहिलं की मागून कात्री येणार, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

बाई पस्तिशीची, बोलायला गोड. सगळ्या विभागात वयस्कर माणसांसाठी घरं बांधायची आहेत, कुठे किती लागतील याचा अंदाज घेतोय, म्हणाली. तिने पायऱ्या मोजल्या, दारांची रुंदी मोजली, न्हाणीघरात डोकावून पाहिलं. आकडा लिहिला गेला की काकूंचा संशय बोटभर वाढायचा. त्यांच्या लग्नानंतर चौथ्या वर्षी मागच्या गल्लीत असेच दोघे टेप घेऊन आले होते. चहा प्यायले, पोरांचे गाल ओढले आणि गेले. दोन वर्षांत ती गल्ली उठली, माणसं चहूकडे पांगली. काकूंची जिवाभावाची मैत्रीण त्यातच गेली. तिच्या हिरव्या ब्लाउजला काजं करायची राहिली होती. तो अजून ट्रंकेच्या तळाशी होता.

"जिना चढता-उतरता येत नाही, असं कोणी आहे का घरात?" बाईने विचारलं.

"कोणी नाही. आम्ही दोघी जावा दिवसातून तीनदा खालीवर करतो."

"दुसऱ्या आजी कुठे आहेत?"

"झोपल्यात."

आतलं दार काकूंनी आधीच ओढून घेतलं होतं. त्यामागे थोरल्या जाऊबाई खिडकीशी बसल्या होत्या. गुडघे पार गेल्यापासून, म्हणजे आठ महिने, त्यांचा पाय रस्त्याला लागला नव्हता. दोघींचे नवरे गेलेले, मुलं परगावी. जाऊबाईंचे गुडघे एकदा कागदावर चढले, की त्यांना एकीकडे नेतील आणि आपण इथे भिंतींशी बोलत बसू, ही काकूंची धास्ती.

बाकीची घरं उद्या बघते म्हणून बाई गेली आणि काकू कामाला लागल्या. घरोघर फिरून त्यांनी सगळ्यांना पढवलं. काठ्या कपाटामागे गेल्या. कानाचं यंत्र लावणारे मान डोलवायला शिकले. निवृत्त पोस्टमनने तर कमाल केली. आपण रोज पहाटे धावतो, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं आणि बाईची पाठ वळताच खुर्चीत बसला तो संध्याकाळी उठला. आठवडाभर गल्ली खुशीत होती.

चार महिन्यांनी कोपऱ्यावरच्या फलकावर आराखडा लागला. पोस्टमनने तो मोठ्याने वाचला. कोपऱ्यावरच्या बंद गोदामाच्या जागेवर, आपल्या नाकासमोर, तळमजल्याची पन्नास घरं. एकत्र राहणाऱ्यांना एकत्रच घर. गरजेप्रमाणे वाटप. पुढे गल्ल्यांची यादी होती, आणि त्यांच्या गल्लीपुढे गरज शून्य.

"काकू," पोस्टमन म्हणाला, "जरा जास्तच धावलो का हो मी?"

काकूंनी स्वतः चष्मा लावून कागद तीनदा वाचला. कुठेतरी मेख असणारच. सापडली नाही. खालच्या ओळीत हरकती घ्यायला पंधरा दिवस दिले होते.

घरी येऊन त्यांनी जाऊबाईंना सगळं सांगितलं, फक्त काठ्या लपवायची मसलत कोणाची ते सोडून. जाऊबाई खिडकीतून गोदामाच्या पत्र्यांकडे बघत राहिल्या.

"ती बाई आली तेव्हा मी जागी होते," त्या म्हणाल्या. "आत ऐकू येतं सगळं. अगं, मला विचारायचं तरी होतंस."

काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत.

सकाळी त्या कार्यालयात गेल्या. म्हाताऱ्यांच्या घरांची योजना आखणारी मंडळी दुसऱ्या मजल्यावर बसत होती आणि लिफ्ट बंद होती. काकूंच्या संशयाने पुन्हा डोकं वर काढलं. जिना त्यांना चढता आला असता. पण त्या खालच्या पायरीवर ऐसपैस बसल्या आणि शिपायाला म्हणाल्या, वर सांगा, ज्या गल्लीला जिना चढता येत नाही त्या गल्लीचं माणूस आलंय.

सर्वेवाली बाई खाली आली. काकूंनी आढेवेढे न घेता सांगितलं: सगळं खोटं होतं, पढवलं मी. आमच्या गल्लीत धड गुडघ्यांची चारच माणसं आहेत, त्यात पोस्टमन नाही. बाई रागावली नाही, आणि त्याचाही काकूंना संशय आला. हरकतीचा कागद त्यांनी पुढून मागून वाचला, मगच सही केली.

"पुन्हा यावं लागेल मला," बाई म्हणाली.

"या. या खेपेला टेप ताणून धरा."

बाई आली तेव्हा आतलं दार सताड उघडं होतं. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि बोलणं जाऊबाईंवर सोडलं. जाऊबाईंनी गुडघे दाखवले, वर्षभर रस्त्याला पाय लागला नाही ते सांगितलं. मग बाईने विचारलं, नव्या घरात तुमच्याबरोबर कोण राहणार.

जाऊबाईंनी आधी काकूंकडे पाहिलं. काकूंच्या बोटांनी पदराची दुमड चार वेळा घातली आणि चार वेळा मोडली.

"हीच," जाऊबाई म्हणाल्या. "दोघींचं एकच घर लिहा. पण तिथे कोणी आलं की दार मी उघडणार."