ट्रॉक्सेलची भेग

एमाउस गावच्या अग्निशमन केंद्राच्या तळघरात महिन्यातून एकदा जमणारी ती नाणेवेडी माणसं म्हणजे एकेक नमुनाच. तांब्याचा जुना सेंट धुवायचा नाही, हा त्यांचा धर्म. पाणी नाही, साबण नाही, फार तर मऊ कुंचला. कुणी चुकून चकचकीत नाणं आणलं, की सगळे त्याच्याकडे बघून नाक मुरडत.

या मंडळींत लेलँड ट्रॉक्सेलचा मान मोठा. नाणी पाडायचा ठसा तडकला की फटीत तांबं शिरतं आणि नाण्यावर उंच रेघ उठते, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक. पण लेलँडच्या १८२६च्या सेंटवर त्यावरच्या बाईच्या चेहऱ्याच्या हनुवटीपासून कडेच्या ताऱ्यापर्यंत जी रेघ होती, ती दुसऱ्या कुठल्याच नाण्यावर कुणाला सापडली नव्हती. तिला ‘ट्रॉक्सेलची भेग’ असं नाव पडलं आणि लेलँडनेही ते चांगलं मिरवलं. त्याचा जिवलग मर्ल हॅफ्नर, निवृत्त बसचालक, त्या भेगेपायी पार येडा झाला होता. दर रविवारी तो जुन्या बाजारात डोळ्यांत तेल घालून तिची जोड शोधत फिरे.

त्या मंगळवारी मर्लने एक सेंट आणून लेलँडच्या सेंटशेजारी मखमलीवर ठेवला. ठसा तोच, वादच नव्हता. हनुवटीपाशी मात्र काही नव्हतं. भेग पडायच्या आधी पाडलेला असणार, असं मर्ल खुशीत सांगत होता. लेलँडने फक्त मान डोलवायची होती.

लेलँडने भिंग लावलं. त्याच्या नाण्यावर कडेची दुसरी एक भेग केसाएवढी होती. इथे तीच जाड होऊन थेट तारखेपर्यंत पोचली होती. म्हणजे हे नाणं नंतरचं. आणि तडकलेला ठसा काही पुन्हा सांधला जात नाही; मग त्याच्या हनुवटीवरची रेघ ठशाची नव्हतीच. लेलँडने नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर विषय संपला असता. त्याच्या नजरेवर शंका घ्यायची तिथे कुणाची छाती नव्हती.

“नाही मर्ल, तुझं नंतरचं आहे,” तो म्हणाला.

मर्लचा चेहरा पडला. लेलँडने आपल्या सेंटवरच्या रेघेवर तेलाचा थेंब सोडला आणि लाकडी काडी उचलली. मर्लने त्याचा हात धरला.

“राहू दे रे. कुणाला कळतंय?”

“मला कळलंय ना.”

त्याने रेघ हलकेच खरवडली. ती सुटली. कुण्या जुन्या मालकाने लावलेल्या रोगणाचा वाळलेला ओघळ होता तो, आणि खाली साधं तपकिरी तांबं. धर्म बुडेल म्हणून इतकी वर्षं कुणी तिथे काडी लावली नव्हती.

लेलँडला भयंकर लाज वाटली. मर्लने आता चार टोमणे मारावेत, हसावं, असं त्याला फार वाटलं. मर्ल हसला नाही. त्याने आपलं नाणं खिशात टाकलं आणि टोपी घातली.

“नावाचं सोड,” तो म्हणाला. “आता रविवारी मी काय शोधू, तेवढं सांग.”